गंगारामची मूठ

तीस सालच्या वैशाखात गंगाराम खलाशी मिरकरवाड्याला होडीतून उतरला, तेव्हा त्याची उजवी मूठ मिटलेली होती. घराच्या पायरीशी आला तरी मिटलेलीच.

सगुणा दारात गूळपाणी घेऊन उभी. दोन वर्षांनी नवरा आलेला. त्याने डावा हात पुढे केला.

"उजव्याने घ्या," ती म्हणाली.

"उघडत नाही गो."

"मग आत यायचं नाही. माझ्या आईने असल्या मुठीखाली जन्म काढला. मी नाही काढायची."

शेजारचे आप्पा कुंपणाच्या गडग्यावर बसून जाळं विणत होते. "कोणाला हाणलंस रे मेल्या?"

गंगाराम पायरीवर टेकला आणि सांगू लागला. विलायतेच्या बंदरात एका गोऱ्याने त्याला डिवचलं, डेकवरच दोघांची बॉक्सिंग झाली. एका ठोशात गोरा तीन कोलांट्या खाऊन दोरखंडात जाऊन पडला. तेव्हापासून मूठ ही अशी. बोटीवरच्या म्हाताऱ्या सुताराने सांगितलं, बॉक्स म्हणजे पेटी. फार मागच्या लोकांना मिटलेली मूठ पेटीसारखी दिसली, म्हणून या मारामारीला ते नाव.

"खरंखोटं त्याला ठाऊक," गंगाराम म्हणाला.

"पेटी म्हटली की आत काहीतरी असणारच," आप्पा म्हणाले. "काय आहे?"

गंगारामने मूठ मांडीआड सरकवली.

"राग असेल," सगुणा म्हणाली. "दुसरं काय ठेवतात मुठीत?"

आप्पांनी मुठीला खोबरेल चोळलं. जाळ्याची सुई अंगठ्याखाली घालून पाहिली. मूठ ढिम्म. सगुणाने गुळाचा खडा त्या मुठीवरच ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुपार कलली. माडांच्या सावल्या पायरीवर चढल्या. गुळाला मुंग्या लागल्या. त्यातली एक अंगठ्याच्या फटीतून आत शिरली, तिच्यामागे सगळी रांग. गंगाराम हलला नाही. जरा वेळाने रांग उलटी निघाली. प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरा कण. आता मुंगीला विलायतेतलं काय कळतं, पण आणत होत्या खऱ्या.

"साखर की काय?" आप्पांनी एक कण बोटावर घेतला. तो विरघळला. बोट गारठलं.

"सगुणे, बाहेर ये."

दार उघडलं.

"बर्फ पडत होता," गंगाराम खाली बघत म्हणाला. "कसा असतो तो मला दाखवा, म्हणाली होतीस. मूठ आधीच मिटलेली होती गो. मारामारी मागनं झाली. इतक्या दिवसांत विरघळला असेल, म्हणून बोललो नाही."

एकेक बोट सुटत गेलं. तळव्यावर चिमूटभर पांढरं उरलं होतं.

सगुणाने तो तळवा उचलून आपल्या गालाला लावला. वैशाखाचं ऊन अंगणात तसंच तापत होतं, आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

आप्पा जाळं ठेवून मुकाट्याने घोंगडी आणायला गेले.