केळीचे कोठार

लुटायाचा मुलगा मुगेर्वा, मुगेर्वाचा सेमाकुला आणि सेमाकुलाचा हा क्येयुने, माझा जावई. केळी महिनाभर हिरवी राहावीत म्हणून त्याने इथे मसाका गावी हवाबंद कोठार बांधले. फळाचा श्वास कोंडला की ते पिकत नाही, असे त्याचे म्हणणे. आमच्यात सासू-जावयाने एकमेकांचे तोंडही पाहायचे नसते, मग स्पर्श तर दूरच. त्यामुळे हे सारे मी भिंतीआडून ऐकलेले.

परवा मुलगी बाजारात गेली होती आणि तो घड तपासायला कोठारात शिरला होता. आतून धप्पकन आवाज आला. धाकट्या बहिणीला घेऊन मी धावले. दार उघडले, तर क्येयुने घडांमध्ये निपचित पडलेला, ओठ निळे.

"अक्का, जावई आहे तो! शिवलीस तर जन्मभर हात थरथरतील!"

"थरथरू देत. तू दार धर, आणि तोंड मीट."

श्वास रोखून मी आत शिरले आणि काखेत हात घालून त्याला अंगणात ओढत आणले. बऱ्याच वेळाने तो खोकला. डोळे उघडले आणि मला पाहताच त्याने घाईने मान फिरवली.



बारा वर्षांपूर्वी दलदलीत रुतलेल्या मला त्याने हाताला धरून वर काढले, तेव्हा सासूला शिवल्याबद्दल मी कुळापुढे त्याच्याकडून एक बोकड दंड घेतला होता. आज मी त्याच्या दारी दोन बोकड बांधून आले, एक त्याचा परत आणि एक माझ्या दंडाचा.