बारावी रांग

हॉकीचा सामना असला की स्टेडियम भरायचं आणि काळा पडदा कपाटातच राहायचा. जाळीच्या काठीने चेंडू झेलत खेळायच्या लॅक्रॉसचा असला की तिथला कामगार ऑर्व्हिल तो खांद्यावर टाकून स्टेडियमच्या वरच्या रांगांकडे निघायचा. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसायला नकोत ना.

"बाराव्या रांगेपासून लावतो, नेहमीसारखा," तो म्हणाला.

"तेराव्यापासून लावा," तिकिटं विकणारी वांडा म्हणाली. "बारावी उघडी राहू दे."

"अहो, बारावीतलं एक तिकीट खपलेलं नाही. गावभर शोभा होईल."

"होऊ दे. झाकलेला माल कोण घेतो?"

"उघडा ठेवला तरी कोण घेतंय? मला इथे फुकट असून मी बघत नाही," पुटपुटत तो वर गेला.

शोभा झालीच. ती रिकामी रांग खेळाडूंनीही खेळताखेळता पाहिली. सोमवारी पोटापाण्याच्या कामावर जाताना त्यांनी बारावीची तिकिटं आपणहून विकायला मागून नेली. कप्तान शाळेत शिकवायचा, गोलरक्षक प्लंबर होता.

पुढच्या सामन्याला लोक यायला लागले तरी पडदा खालीच पडलेला. वांडा तणतणत ऑर्व्हिलला शोधायला वर गेली. तो बाराव्या रांगेत बायकोशेजारी पॉपकॉर्न खात बसला होता.

"आज माझी सुट्टी आहे," तो म्हणाला. "तुमच्या गोलरक्षकाने आमच्या घरचा नळ दुरुस्त करताकरता तिकिटं गळ्यात मारली."

"मग पडदा कोण लावणार?"

"तुम्हीच लावा. पण तेराव्या रांगेला हात लावू नका, माझा मेहुणा सहकुटुंब येतोय."