गार पाण्याचा आकडा

"पुन्हा," सर म्हणाले.

टेबलावरची मेंढी भूल घेऊन निवांत पडली होती. गोंधळ उडाला होता तो माणसांचा. तिचं हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं, एवढाच प्रश्न. सरांची जुनी पद्धत म्हणत होती सहा लिटर, संशोधक बाईंचं नवं यंत्र साडेचारावर अडून बसलं होतं.

जुन्या पद्धतीत मानेतून हृदयात नळी घालायची, बर्फात गार केलेलं सलाईन सोडायचं आणि रक्त किती थंड झालं ते बघायचं. कमी थंड झालं, म्हणजे जास्त वाहतंय. बाईंच्या यंत्राला नळीच नको, छातीवर नुसतं टेकवलं की झालं. त्यापायी त्यांची चार वर्षं गेली होती. आज आकडे जुळले नाहीत तर काम बंद, असं सरांनी सकाळीच बजावलं होतं.

सरांनी वळून न बघता हातमोजा घातलेला हात मागे केला. प्राण्यांची देखभाल करणारे मामा बर्फाच्या टबापाशी काखेत हात घालून उभे होते. त्यांनी त्या हातावर सलाईनची सिरिंज ठेवली.

सहा पूर्णांक एक दशांश. बाईंचं तेच, साडेचार.

बाईंनी वायर बदलली, मेंढीला इंचभर सरकवलं. आकडा हलेना. बरं, यंत्र बिघडलंय म्हणावं, तर दर वेळी तेवढंच कसं चुकेल? त्यांचं डोकंच चालेना.

"सर, बर्फ वितळला असेल का?"

"टबातला थर्मामीटर बघा. शून्य. वीस वर्षं याच टेबलावर मोजतोय मी. माझे सगळे शोधनिबंध याच आकड्यांवर उभे आहेत." सरांनी हातमोजे काढले. "वाईट वाटून घेऊ नका. पण आता थांबवा हे."

ते गेले. नळी काढता काढता बाईंना रडू आवरेना. मामांनी मेंढीवर ब्लँकेट घातलं.

"मामा, माझं कुठं चुकलं तेच कळत नाही हो. गार पाणी काही खोटं बोलणार नाही."

"गार कसलं, ताई?" मामांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "सरांना सांगू नका. मुक्या जिवाच्या थेट काळजात बर्फाचं पाणी सोडलेलं बघवत नाही मला. वीस वर्षांत एकही सिरिंज काखेत ऊब दिल्याशिवाय मी त्यांच्या हातात दिलेली नाही."