लाल टरफलं

हनोईत तेत या नववर्षाच्या सणाचा तिसरा दिवस गुरूला भेटण्याचा. ख्वात गुरुजींनी जन्मभर निवडक हुशार मुलांना गणित शिकवलं. ती सगळी परदेशी गेली. दुपार टळली, तरी कुणी फिरकलं नाही. गेल्या वर्षी शेजारच्या न्यानवहिनी हसल्या होत्या, “पाखरं उडाली वाटतं, गुरुजी!” ते पुन्हा ऐकणं गुरुजींना सोसलं नसतं. म्हणून त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, लाल रंगवलेल्या कलिंगडाच्या बिया फोडल्या आणि लाल टरफलं प्रत्येक खुर्चीखाली टाकली. सणात केर काढत नाहीत; पाहुण्यांनी टाकलेली टरफलं तशीच राहतात. वहिनी आल्या. “अगंबाई, बरीच मंडळी येऊन गेली की!” “हो, आत्ताच गेली पोरं.” वहिनींची नजर तबकातल्या पालथ्या, कोरड्या कपांवर गेली. “आणि बिनचहाचंच धाडलंत त्यांना?” गुरुजींची मान खाली गेली. वहिनींनी एकेक कप सुलटा करून चहा ओतला. “आता जुळलं तुमचं गणित,” त्या म्हणाल्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर कप वाफाळत राहिले.