हाकेची सवय

स्वयंपाकघरात काहीतरी धपकन पडलं. रंजनीनं कान टवकारले. हाक आली नाही. म्हणजे आई बरी आहे, डबाबिबा पडला असेल. ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

आठवडाभर सिरुसेरीच्या आयटी पार्कातलं ऑफिस, शनिवारी जनावरांच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून उभं राहायचं, आणि रविवारी हा प्राण्यांच्या वागणुकीचा कोर्स. उद्या परीक्षा होती. पडद्यावर एक लॅब्रॅडॉर जिवाच्या आकांतानं भुंकत होता आणि त्याची मालकीण खुशाल भिंतीकडे बघत होती. भुंकला की बघायचं नाही. गप्प झाला की लगेच जवळ जायचं, खाऊ द्यायचा. झालं!

इतकं सोपं, की रंजनीनं ते घरीच करून पाहिलं होतं. आई हल्ली सगळं विसरायची. सकाळपासून एकच धोशा, 'रंजनी, ए रंजनी!' काय हवंय म्हणून जावं तर काहीच नको असायचं. शेवटी रंजनीनं ओ देणंच सोडलं. आई हाका मारून मारून दमली, गप्प झाली, की मग जायचं, जवळ बसायचं, तिच्या हातावर कडलैमिठाईचा तुकडा ठेवायचा. शेंगदाणे आणि गूळ, आईचा जीव की प्राण. महिन्याभरात हाका बंद. दवाखान्यात तिनं हे गंमत म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर विशालाक्षी हसल्या नव्हत्या.

धडा संपला तशी ती कॉफी करायला उठली.

आई फरशीवर पडली होती. एक पाय भलताच वळलेला, कपाळावर घाम. डोळे टक्क उघडे, दाराकडे लागलेले.

"अगं आई! हाक का नाही मारलीस? मी इथंच होते ना, भिंतीपलीकडे!"

"मारलें नाही," आई तिच्या तमिळमिश्रित मराठीत म्हणाली. आवाज बारीक होता, पण कौतुक करून घ्यायला आल्यासारखा. "एकदां पण मारलें नाही. रोंब दुखलें, खूप दुखलें, तरी."

हे मी केलं. माझ्या आईला मी हे शिकवलं. रंजनीनं अँब्युलन्सला फोन लावला आणि आईशेजारी फरशीवरच बसली.

"चुकलं गं माझं. दुखतंय ना? ओरड तू. मोठ्यानं ओरड. मला हाक मार, मी येईन. दर वेळी येईन."

आईनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. तेवढ्यात कळ आली. मान ताठली, ओठ पांढरेफटक झाले, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

कळ ओसरली. मग आईनं हळूच तळहात पुढे केला.