नववी दुरुस्ती

भुताला या वेळी सहा बोटं आली होती.

तिने चित्र मोठं करून मोजली. सहाच. आता काय म्हणावं या काकांना! चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता घरी बसून भुतं काढतात, आणि बोटं मोजता येऊ नयेत? ही आठवी खेप. आधी कंदील चुकीच्या हातात होता. मग सावली उजेडाच्याच बाजूला पडली. मग दाराची कडी बाहेरून लागली. तिने नवऱ्याच्या मेलवरून, नवऱ्याच्या भाषेत लिहिलं, "काका, भूत झालं म्हणून काय झालं, बोटं पाचच असतात." खाली त्याचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते.

खेळ त्याचा. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत टाकत एका झपाटलेल्या घरातून बाहेर पडायचं. त्या खेळाचं पुस्तक त्याने सहा वर्षं लिहिलं. चित्रांसाठी चार गावांतले चार चित्रकार गाठले. एकालाही तो कधी भेटला नाही, सगळा कारभार मेलवर. वर्णन लिहून पाठवायचं, कच्चं चित्र आलं की दुरुस्ती कळवायची, मनासारखं झालं की एकच शब्द लिहायचा, "पक्कं." निम्मी चित्रं व्हायची होती तेव्हा आजार निघाला.

तो गेल्यावर आठवड्याभराने एका चित्रकाराचा मेल आला. "दादा, म्हातारीचे केस असेच ठेवू का?" तिला लिहायचं होतं, ते गेले. हातांनी लिहिलं, "थोडे विस्कटू द्या." उत्तर आलं, "बरं दादा." कुणीतरी त्याला अजून दादा म्हणत होतं. मग ती थांबलीच नाही. त्याची भाषा तिच्या हातात इतकी उतरली की एकदा जुने मेल चाळताना एका विनोदाला ती खळखळून हसली, आणि नंतर तारीख पाहिली. तो तिनेच लिहिला होता. 

"वहिनी, हे काही बरं नव्हे," नणंद म्हणाली होती. "गेलेल्या माणसाला जाऊ द्यावं." नणंदेचं काही चुकत नव्हतं. पण कळतं पण वळत नाही, त्यातली गत. बाकी तिघांची चित्रं होऊन गेली होती. छापखाना या एका चित्रासाठी खोळंबला होता. काकांना एकदा "पक्कं" लिहिलं की त्याच्या नावाने पत्र लिहायला जगात कुणी उरत नव्हतं. मग तो खरंच गेला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचं नवं चित्र आलं. दारात उभा म्हातारा, हातात कंदील, काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखा चेहरा. बोटं पाच. कंदील, सावली, कडी, सगळं जिथल्या तिथे. तिने अर्धा तास चूक शोधली. नव्हती. तिने "पक्कं" लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी धडधडीत खोटं लिहिलं, "डावा डोळा जरा खाली आलाय."

पाच मिनिटांत उत्तर. "हो शेठ, आलाय खरा. बदलतो."

ती चपापली. हे काका? नवऱ्याशी एका खिडकीच्या गजावरून तीन दिवस भांडलेले हेच ना? ते असे मुकाट्याने मान डोलावणारे नव्हते. तिला एकाएकी लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाला आपण किती राबवतोय! मेलखाली फोन नंबर होता. तिने तो पहिल्यांदाच लावला.

"मी त्यांची बायको बोलतेय, काका. डोळ्यात काही चूक नव्हती."

"नव्हतीच," काका म्हणाले.

"मग बदलतो कशाला म्हणालात?"

 पलीकडून पाण्यात ब्रश खळबळल्याचा आवाज आला.

"काका, मी फसवलं तुम्हाला. ते नाहीत आता. चार महिने झाले. हे सगळे मेल मीच..." पुढे तिला बोलवेना. चार महिने न आलेलं रडू सगळं एकदम आलं.

काकांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "ठाऊक आहे, वहिनी. आम्हा चौघांनाही ठाऊक आहे."

"आणि ती सहा बोटं?"

"अहो, चूक ठेवली नसती तर तुम्ही लिहिणार काय होतात? पण आठ चुका करता करता माझं डोकं रिकामं झालं. काल एकही सुचेना. म्हटलं, बरोबर काढून पाठवू, बघू वहिनी काय करतात. तर तुम्ही डोळा काढलात!"

ती रडता रडता हसली. मग एकदम थांबली. "पण ते गेल्याचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"शेठनीच. दवाखान्यातून, तिथल्या नर्सच्या मेलवरून, चौघांना कळवलं होतं. आता वाचून दाखवायला हरकत नाही." काका सावकाश वाचायला लागले. "हा माझा शेवटचा मेल. यापुढे माझ्या नावाने येतील ते मी गेल्यावरचे. मी तिला ओळखतो, ती लिहिल्याशिवाय राहायची नाही. तुम्हाला कळलंय असं दाखवू नका. आणि काका, शेवटचं चित्र तुमच्याकडे आहे, ते लवकर बरोबर काढू नका."