आईच्या स्फटिकाची वाटणी

दिवंगत आईच्या स्मृती आणि आवाज साठवलेला स्फटिक, तळाला तळ जोडलेल्या दोन पिरॅमिडांच्या आकाराचा, कारागीर भार्गवरावांच्या करवतीखाली होता. तिची मुले, उमाकांत आणि शालिनी, एकमेकांकडे पाठ फिरवून बसली होती.

“मधोमध कापला, तर आई कायमची मुकी होईल,” भार्गवरावांनी बजावले.

“होऊ दे. याच्या घरी तरी बोलणार नाही,” शालिनी म्हणाली.

“मोठा तुकडा हिच्याकडे जाता कामा नये,” उमाकांत गुरगुरला.

कापण्यापूर्वी स्फटिकाची संमती घेण्याचा रिवाज होता. आजवर एकाही आईने ती दिली नव्हती. त्याच भरवशावर भार्गवरावांनी विचारले.

“मुकी झाले, की बहिरीही होईन ना?” स्फटिकातून आवाज आला. “मग कापा.”